लवणावरचं लॉन

पळसढोड्याच्या मैनाबाईच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. उमरेडहून येणारी एसटी फाट्यावर न थांबता पुढे गेली, तर दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याच कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सरपंच, तलाठी, रेशनवाला, बियाणांचा दुकानदार, सगळ्यांनी तिच्या शिव्या खाल्लेल्या. काही टवाळ तर तिला मुद्दाम डिवचायचे, कारण तिच्या शिव्यांना एक चाल असायची, एकीतून दुसरी सहज निघायची. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा बाई बरोबरच असायची.

फक्त एका माणसापुढे तिचं तोंड शिवलेलं होतं. तो म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, मधुकरराव. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने बजावलं होतं, भासरा दिसला की डोक्यावर पदर, भासऱ्याशी बोलायचं नाही, भासऱ्याचं नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही. सासू गेली, नवरा जागेश्वर गेला, मुलगा भूपेश मिशीवाला झाला, तरी हा रिवाज होता तसाच. एका आवारात दोन चुली आणि मधे गोठा. काही सांगायचं झालं तर मैनाबाई म्हशीला सांगायची. "मोठ्यायले म्हना, मोटरचा पाइप फुटला," असं ती म्हशीच्या तोंडासमोर ओरडायची, आणि पलीकडून मधुकरराव आपल्या बायकोला म्हणायचे, "तिले म्हना, पाहतो." म्हैस दोघांचंही मुकाट ऐकून घ्यायची. गाव हसायचं, पण नवल कुणाला वाटत नव्हतं. थोड्याफार फरकाने घरोघरी हेच चाललेलं होतं.

मधुकरराव म्हणजे गावातलं जाणतं माणूस. जमिनीवर बोलायला लागले की ऐकत राहावं. कुठे काळी आहे, कुठे बरड, म्हणजे मुरमाची उंच जागा, कोणत्या बांधा-धुऱ्यावरून पाणी वळतं, कोणतं वावर हस्तात चिखलतं, सगळं त्यांना तोंडपाठ. आजोबांनी त्यांना खांद्यावर बसवून शिवार दाखवलेलं होतं. माणूस खरोखरच जाणता होता, आणि सगळी गोम तिथेच होती. अडाण्याने खोटं बोललं तर कुणी विचारत नाही. जाणता खोटं बोलला की त्याचा नकाशा होतो.

गावाच्या पूर्वेला लवण होतं. जमीन तिथे हळूच खाली उतरायची, उतरते हे कळायचंही नाही. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला चार बाभळी आणि भेगाळलेला सपाट तुकडा दिसायचा. पण एकदा पावसाने धरलं की वरच्या बरडावरचं सगळं पाणी त्या लवणात जमायचं आणि तिथून ढोड्याला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळायचं. जुन्या लोकांनी घरं बरडावर बांधली, गुरांचं आखरही बरडावर ठेवलं. लवणात पाणी ओसरल्यावर लाखोळी आणि हरभरा टाकायचे, आणि पावसाळ्यात लवण पाण्याचं. याबद्दल कधी कुणाचं भांडण झालं नाही. पाण्याशी भांडून काय मिळणार?

मग नागपूर शहर हातपाय पसरायला लागलं. आसपासच्या सगळ्या गावांचा मिळून विकास आराखडा निघाला आणि त्याचा रंगीत नकाशा एके दिवशी शाळेच्या भिंतीवर लागला. शेजारच्या गावांवर पिवळा रंग, म्हणजे घरं बांधा, प्लॉट पाडा, मजा करा. पळसढोड्याच्या लवणावर मात्र हिरवा पट्टा, म्हणजे बांधकाम बंद. मुग्धा नावाच्या एका तरुण नगररचनाकार पोरीने तो पट्टा आखला होता. जमिनीचे चढउतार मोजून, अगदी जिथे हवा तिथे. गावाने त्याबद्दल तिचे आभार मानायला हवे होते. गाव पेटून उठलं.

"बाजूच्यायचे प्लॉट विकून राहिले, अन् आपल्या जमिनीवर काहून हिरवा?" असं जो तो विचारत सुटला. लवणातली बहुतेक जमीन मधुकररावांची होती. त्यांनी पुढाकार घेतला. हरकतींच्या सुनावणीला गावातून दोन टेम्पो भरून माणसं नागपूरला गेली. गर्दी दिसावी म्हणून बायकांनाही नेलं. मैनाबाई सगळ्यात मागे, कपाळावर पदर ओढून बसली होती.

त्या काळात साहेब लोकांमध्ये एक नवीन वारं होतं. नुसत्या यंत्रांवर विसंबायचं नाही, गावच्या जाणत्यांना विचारायचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आराखड्यात घ्यायचं. कल्पना चांगलीच होती. समितीने आदराने मधुकररावांना पुढे बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि पांढऱ्या टोपीतला तो जाणता माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, माह्या आज्याच्या आज्यापासून आमी तिथं शेती वाहून खाऊन राहिलो. ते सारं बरड हाय. तिथं पानी थांबतच नाही. जुन्या मानसायनं कधी पाहिलंच नाही."

मुग्धा उठून म्हणाली की उतार वेगळं सांगतो आहे. तिच्या वरिष्ठाने तिला हातानेच बसवलं. इतक्या जुन्या माणसापेक्षा तुमच्या रेघांना जास्त कळतं का, असं तो हसत म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

मागे बसलेल्या मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पदराखाली दात आवळले. आसपासच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सगळ्यांना माहीत होतं. पण भासरा समोर होता. घरी येऊन मैनाबाईने म्हशीला इतक्या शिव्या घातल्या की शेजारणी बाहेर येऊन पाहू लागल्या. त्या शिव्यांचा काय उपयोग? नकाशावरचा हिरवा पिवळा झाला होता.

पुढे जे झालं ते झपाट्याने झालं. लवणाच्या काठाकाठाने प्लॉट पडले आणि विकले गेले. तळाचा, रस्त्याला लागून असलेला तुकडा मधुकररावांनी स्वतःसाठी ठेवला. त्यात ट्रकांवर ट्रक मुरूम ओतला, गावाच्या रस्त्याहून उंच केला आणि त्यावर लग्नाचं लॉन काढलं. हिरवळ, कारंजं, पक्कं स्टेज, नवरीसाठी एसी खोली. मंडप आणि रोषणाईचं सगळं काम त्यांनी पुतण्याला, म्हणजे मैनाबाईच्या भूपेशला दिलं. पोरगा हुशार निघाला. लायटिंगचं सामान घेतलं, दोन माणसं हाताखाली ठेवली, लग्नसराईत घरी जेवायलाही यायचा नाही. आपल्या पोराच्या हाताला असं काम लागलेलं पाहून कोणत्या आईचा जीव सुखावणार नाही? मैनाबाईचाही सुखावला. तेवढ्यापुरती ती लवण विसरली, असं म्हटलं तरी चालेल.

प्लॉटवर घरं उठली. राहायला आली ती बहुतेक विणकर घराण्यातली माणसं, कुणी नागपूरच्या जुन्या वस्तीतून, कुणी उमरेडहून. हातमाग बंद पडलेले, पोरं दुसऱ्या कामांना लागलेली, वडिलांची मागाची खोली विकून इथे दोन खोल्या बांधलेल्या. त्यांत उमरेडची प्रेमलता होती. तिचा नवरा संजीव नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मैनाबाईचं या लोकांशी पहिल्यापासून वाकडं. हे लोक धुऱ्यावरून मोटारसायकली नेतात, वावरात कचरा फेकतात, असं तिचं म्हणणं. प्रेमलताशी तिचं एकदा चांगलंच वाजलं. गंमत म्हणजे प्रेमलताही मागे हटली नाही, आणि त्या दिवसापासून मैनाबाईला ती मनातून आवडायला लागली.

पळसढोड्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. पोळ्याला दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, काड्या-चिंध्यांची बाई बनवायची आणि वर्षभराचा खोकला-ताप तिच्या माथी मारून तिला शिवाराबाहेर नेऊन टाकायची. टाकायचं काम बायकांचं. सासू सुनेला जागा दाखवते, ती पुढे आपल्या सुनेला. जागा ठरलेली, लवणाच्या अगदी तळाशी, पाण्याची धार जिथे सगळ्यात जोरात असते तिथे. मारबत पडली की संध्याकाळपर्यंत पाणी तिला ढोड्यात घेऊन जातं. गेली म्हणजे गेली, पुन्हा गावात यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी, लॉन झाल्यानंतरच्या पहिल्याच पोळ्याला, बायका मारबत घेऊन गेल्या तर तिथे लॉनचं फाटक, आणि फाटक बंद. आत कुणाचा तरी साखरपुडा होता. चौकीदार म्हणाला, ही घाण इथे नको. मग काय करायचं? बायका थोड्या पुढे गेल्या आणि कॉलनीच्या तोंडाशी मारबत टाकून, "जा गे मारबत!" असा ओरडा करून परतल्या. त्याच आठवड्यात पावसाने धरलं. बरडावरचं पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं, लॉनच्या भरावाला अडलं आणि वळून कॉलनीत घुसलं.

मैनाबाई सकाळी बांधावर उभी राहून पाहत होती. मांडीएवढ्या पाण्यात प्रेमलता घराच्या दारात उभी होती. आत खाटेवर खाट चढवून वर सासूला बसवलेलं होतं. तांदळाचं पोतं फुगून फाटलं होतं. आणि चुलीच्या ओट्याला अडकून, काड्या-चिंध्यांची, तोंड पुसलेली, पळसढोड्याची मारबत तरंगत होती. पाण्याने ती ढोड्यात नेली नव्हती. घरात आणून ठेवली होती.

प्रेमलताने ती काठीने बाहेर ढकलली आणि बांधाकडे पाहून म्हणाली, "बाई, तुमच्या गावचा ताप-खोकला आमच्या सैपाकघरात काहून वं पाठवता?"

मैनाबाईने साडी खोचली आणि पाण्यात उतरली. तिने आणि प्रेमलताने मिळून सासूला बाहेर काढलं. येताना तिने लॉनच्या भिंतीला अशा काही शिव्या घातल्या की साखरपुड्याचे खांब उतरवणारा भूपेशसुद्धा कावराबावरा झाला. भिंत मात्र ढिम्म हलली नाही.

कॉलनीवाल्यांनी तक्रारी केल्या. आराखडा पुन्हा तपासायचं ठरलं, पाण्याची वाट नेमकी कुठून जाते ते ठरवायचं ठरलं. वाटेत जे बांधकाम येईल ते पाडायचं. आता पाळी होती कॉलनीची किंवा लॉनची, दोघांपैकी एकाची. यंदाच्या मे महिन्यात समिती पाहणीला आली. सोबत मुग्धा होती, आता ती समितीची प्रमुख झाली होती. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा कोरडा झाला होता. बसायची सोय लॉनमध्येच, मधुकररावांच्याच खुर्च्या, त्यांचाच थंड मठ्ठा. माइक भूपेशने लावला होता.

मधुकरराव उठले. तीच पांढरी टोपी, तेच जोडलेले हात. "साहेब, लवन त्या अंगाने जाते," असं म्हणून त्यांनी कॉलनीकडे बोट केलं. "जिथं हे घरं हायेत. पिढ्यान्‌पिढ्या आमी तिथंच पानी पाहून राहिलो. या लोकायनं पान्याच्या वाटेत घरं बांधले, त्याले आमी काय करावं?"

ऐकणाऱ्याच्या कानाला आग लागावी असं ते बोलणं होतं. ज्या तोंडाने तिथे पाणी कधी आलंच नाही म्हणून सांगितलं, त्याच तोंडाने हा माणूस आता पिढ्यांचं पाणी मोजून दाखवत होता. ज्ञान तेच, आज्या-पणज्याचं, फक्त जसं गिऱ्हाईक तसं बाहेर काढायचं. आणि त्यात अर्धं खरंही होतं. कॉलनी लवणाच्या काठावर होतीच. पण तळ लॉनखाली होता. लॉन उकरलं तर कॉलनीत घोट्याएवढं पाणी येऊन निघून जाणार होतं.

"प्लॉट तुमीच विकले न आमाले?" प्रेमलता ओरडली.

मधुकरराव हसले. "विकनारा विकते, पोरी. घेनाऱ्याले डोळे नव्हते का?"

बायकांच्या घोळक्यात मैनाबाई उभी राहिली. कपाळावर पदर होता. तिने भूपेशकडे पाहिलं. "मोठ्यायले म्हन," ती म्हणाली, "खोटं नोका बोलू."

भूपेश माइकची वायर हातात धरून उभा होता. त्याने मान खाली घातली. लॉन गेलं तर त्याचं सगळं सामान, सगळ्या तारखा गेल्या, हे त्याला कळत होतं.

"म्हन न गा!"

भूपेश जागचा हलला नाही. तेव्हा मैनाबाईने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून चालत थेट मधुकररावांसमोर जाऊन उभी राहिली.

"मधुकर," ती म्हणाली.

त्या आवारात लग्न होऊन आल्यापासून तिने भासऱ्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. राव नाही, काही नाही.

"मधुकर, तेव्हाबी खोटं बोलला तू अन् आताबी खोटंच बोलून राहिला. तुह्या मायनं मले मारबत टाकाले कुठं नेलं होतं, सांग या लोकायले. सांग न! नाही सांगत? मंग मी दाखवतो."

ती स्टेजकडे गेली. फुलांच्या कमानीखाली, नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात तिथे, तिने पाय आपटला. "इथं. या जागी. माह्या सासूनं मले इथं आनलं, तिच्या सासूनं तिले इथं आनलं. हे बाया बसल्या हायेत, इचारा त्यायले!"

मुग्धा बायकांकडे वळली. प्रत्येकीचा भासरा, सासरा, नवरा तिथे खुर्च्यांवर बसलेला होता. मग म्हातारी हर्षाबाई काठी टेकत उठली आणि मैनाबाईशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून तिची सून गेली. मग आणखी तिघी. थोड्या वेळात स्टेजवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पुरुष बसल्या जागी चुळबुळत राहिले. ही जागा त्यांच्या बायकांना इतकी पक्की माहीत आहे, हे त्यांतल्या कित्येकांना त्या दिवशी कळलं.

मधुकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी मैनाबाईकडे पाहिलं नाही. पुतण्याकडे वळून ते म्हणाले, "भूपेश, तुह्या मायले घरी घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी समितीने स्टेजशेजारी खड्डा घेतला. मुरूम संपला आणि खाली काळा गाळ लागला, भर मे महिन्यात ओला. मुग्धाने नकाशावर लॉनच्या मधून निळी रेघ ओढली. प्रेमलताने मैनाबाईच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी लहान पोरींसारख्या रडल्या. मैनाबाईला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी तिच्या छातीत काही अडकलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती आवारात धान्य पाखडत बसली असताना भूपेश आला. दिवाळीनंतरच्या सगळ्या लग्नांना त्याने फोन करून नकार कळवला होता. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. तिला वाटलं, आता पोरगा भांडणार. भांडायला ती तयार होती, उत्तरं तिने जुळवून ठेवली होती.

"खरं बोलली तू काल," भूपेश म्हणाला. "मले समजते. बोलाच लागत होतं."

मैनाबाईने सूप खाली ठेवलं.

"मंग तेव्हा काहून नाही बोलली वं माय? नागपूरले. तूबी होती न तिथं? तेव्हाच बोलली असती तर हे लॉन झालं नसतं. मी माहा सारा जीव त्याच्यात टाकला नसता. त्या लोकायनं आपल्या बापायचे घरं इकून इथं प्लॉट घेतले नसते. प्रेमलताच्या घरात पानी भरलं नसतं. तुले तेव्हाबी माहीत होतं न, जागा कुठं हाय ते?"

"माहीत होतं."

"मंग?"

मैनाबाईला राग आला. नेहमीसारखाच, पायापासून डोक्यापर्यंत. पोरावर आला, मधुकरवर आला, मेलेल्या सासूवर आला, त्या हसणाऱ्या साहेबावर आला. ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि त्या सगळ्यांपैकी कुणाचंच नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

"भासरा समोर होता गा," ती म्हणाली.

भूपेश तिच्याकडे पाहत राहिला. "बस? एवढंच?"

"हो," मैनाबाई म्हणाली. "एवढंच."